मामा उठले, बाकीचे बसून राहिले

रोडपालीत आमची महिन्याची बैठक एका मैत्रिणीच्या घरी, पुढच्या खोलीत भरते. गेल्या पावसाळ्यातल्या बैठकीला एक बाई आली. ती रोडपालीची नव्हे, पनवेल तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावची. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण गाव कोणतं हा इथे प्रश्नच नाही. अशी गावं आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहेत.

तिचा नवरा वारला, पदरात दोन मुलं. आजेसासऱ्यांच्या नावावरची जमीन सिडकोने घेतली होती, तिच्यापोटी साडेबारा टक्के योजनेतला भूखंड कुटुंबाला मिळाला. त्या भूखंडासाठी बिल्डरशी बोलणी सुरू झाली तेव्हा तिने नवऱ्याचा हिस्सा मागितला. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं विचारलं. घरच्यांनी विषय गावकीत नेला. पाच पंच बसले. त्यांतले दोघे तिचे चुलत दीर, तिसरे चुलत सासरे, चौथे एका चुलत दिराचे व्याही. पाचवे तिचे सख्खे मामा, त्याच गावात राहणारे. मी तिच्याबरोबर गेले होते, मागे बायकांत बसले होते.

बैठक सुरू होण्याआधी मामा उभे राहिले. म्हणाले, "ही माझी भाची. मी निवाड्याला बसणं बरं दिसणार नाही." आणि ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, किती सरळ माणूस! उरलेल्या चौघांनी तासाभरात ठरवून टाकलं की तिने हक्कसोडपत्रावर सही करावी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च घर बघेल. हात वर झाले. चार विरुद्ध शून्य.

परत येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मामा माझा नातलग म्हणून उठला. मग हे चौघं माझे कोण?"

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, दहा-बारा वर्षं हे काम करणारी. मला हा प्रश्न तिथे, त्या बैठकीत पडला नव्हता. तो तिला पडला. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी लिहिते आहे.

मैत्रिणींनो, नीट पाहा तिथे काय घडलं ते. नात्यातल्या माणसाने निवाड्याला बसू नये हे तत्त्व त्या गावाला माहीत होतं, मान्यही होतं. फक्त ते एकाच बाजूला लावलं गेलं. बाईच्या माहेरचं माणूस म्हणजे 'नातलग', आणि सासरची भावकी म्हणजे 'गाव'. मामाचं मत म्हणजे माया, पक्षपात. चुलत दिराचं मत म्हणजे रीत, परंपरा, गावाचं हित. वास्तविक मामांना त्या भूखंडातला एक चौरस फूटही मिळणार नव्हता. दोन्ही चुलत दिरांना आणि चुलत सासऱ्यांना मात्र तिने सोडलेल्या हिश्श्यातलं मिळणार होतं. ज्याचा काही लाभ नाही तो उठला आणि ज्यांचा लाभ होता ते बसले. यालाच आपण निःपक्षपात म्हणून मान डोलावली.

पितृसत्ता नेहमी दांडगाई करूनच चालते असं नाही. कित्येकदा ती फक्त ठरवते की नातं कशाला म्हणायचं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं जुनं तत्त्व. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली क्रैपक खटल्यात त्याचा अर्थ स्पष्ट केला. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेतल्या अधिकाऱ्यांची निवड होत होती. निवड समितीत बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तो बाजूला झाला, पण त्याच्या स्पर्धकांची नावं आली तेव्हा हजर होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात झाला का, हे सिद्ध करायची गरज नाही, तो होण्याची वाजवी शक्यता होती एवढं पुरे, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे आपलं नाव आल्यावर पाच मिनिटं बाहेर जाऊन येणं पुरेसं नाही. पुढे १९८५ साली हरियाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात प्रश्न थेट नातेवाइकांचा आला. उमेदवार नात्यातला असेल तर त्याच्या मुलाखतीच्या वेळी सदस्याने बाजूला व्हावं, त्याच्या गुणांच्या चर्चेत भाग घेऊ नये, असं न्यायालयाने सांगितलं.

पैशाच्या व्यवहारात तर हे नियम लिहूनच ठेवले आहेत. नागरी सहकारी बँका बुडू लागल्या तेव्हा २००३ साली रिझर्व्ह बँकेने अशा बँकांना संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज देण्यावर बंदी घातली. नियम असूनही काय होऊ शकतं ते आम्हा पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्याआधी जूनमध्ये बँकेचे अध्यक्ष, माजी आमदार विवेकानंद पाटील यांना अंमलबजावणी संचालनालयाने अटक केली होती. बनावट कर्जखात्यांमधून पैसा त्यांच्याशीच संबंधित संस्थांकडे वळवला गेला, असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला तर काय होईल ही भीती काल्पनिक नाही, एवढं ठेवीदारांच्या रांगांनी आपल्याला दाखवलं.

पैसा बुडतो तेव्हा निदान रांगा लागतात. बाईचा हक्क बुडतो तेव्हा रांग लागत नाही. ती एकटीच असते.

गावकी आपल्या जिल्ह्यात किती खोल रुजली आहे हे आपण जाणतो. वाळीत टाकण्याच्या तक्रारी रायगडमधून इतक्या आल्या की राज्याला कायदा करावा लागला, त्यातल्या कारणांपैकी रायगड हे एक मोठं कारण. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, अंमल जुलै २०१७ पासून. त्याच काळात, १ ऑक्टोबर २०१६ रोजी, पनवेल महानगरपालिका झाली आणि २९ महसुली गावं तिच्यात गेली. रोडपाली त्यातलंच एक. महापालिकेत आलेल्या गावांची ग्रामपंचायत गेली, पण गावकी राहिली. बाईचा प्रश्न आजही आधी भावकीत, मग गावकीत आणि अगदीच नाइलाज झाला तर पोलिसांत किंवा कोर्टात जातो.

सरकारनेही या वाटेला हातभार लावला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटावेत हा हेतू चांगलाच. पण तंटे मिटवल्याबद्दल गावाला बक्षीस ठेवलं की तंटा 'मिटणं' महत्त्वाचं होतं, कसा मिटला ते नाही. नवऱ्याने मारलं, बाईने तक्रार केली, समितीतल्या नवऱ्याच्या चुलत्याने दोघांना समजावलं, बाई परत नांदायला गेली, की तंटा मिटला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आणि त्यातले संरक्षण अधिकारी अशा वेळी समितीच्या दारातच अडतात. समितीत बायका होत्या का, असं आपण विचारतो. विचारायलाच हवं. पण कोणाच्या कोण होत्या, हे आपण विचारत नाही.

वरच्या पायरीवर तरी वेगळं आहे का? २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका माजी कर्मचारी स्त्रीने तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला. आरोप खरा की खोटा हा इथे मुद्दा नाही. मुद्दा हा की २० एप्रिलला, शनिवारी, या विषयावर जे तातडीचं खंडपीठ बसलं त्याच्या अध्यक्षस्थानी ते स्वतः होते. पुढे तीन न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली. त्यांतले एक, न्यायमूर्ती रमणा, हे सरन्यायाधीशांचे घरच्यासारखे निकटचे आहेत, अशी हरकत त्या स्त्रीने घेतली. ते समितीतून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आल्या. वकील किंवा सोबतीचं माणूस बरोबर घ्यायला परवानगी नाही, म्हणून त्या स्त्रीने पुढे चौकशीतून अंग काढून घेतलं. ६ मे रोजी समितीने आरोपांत तथ्य नसल्याचं कळवलं. अहवाल तिला मिळाला नाही.

यातली एक गोष्ट मात्र आपण उचलायला हवी. एका एकट्या, नोकरी गेलेल्या बाईने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की हा सदस्य मला नको, तो त्यांचा जवळचा आहे. आणि तो सदस्य उठला. रक्ताचं नातं नव्हतं, तरी उठला. हरकत घेण्याचा हक्क तक्रारदार बाईचा आहे, हे यातून शिकायचं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अंतर्गत समितीत निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत असं सांगतो, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य हवा असंही सांगतो. बाहेरचा सदस्य कशाला, तर वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून, हे १९९७ च्या विशाखा निकालातच म्हटलं होतं. पण सदस्य आणि आरोपी यांचं नातं असेल तर सदस्याने बाजूला व्हावं, असा स्पष्ट शब्द कायद्यात नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत घरच्या-घरच्या कंपन्या कमी नाहीत. मालकाची वहिनी समितीची अध्यक्ष आणि तक्रार मालकाच्या भाच्याविरुद्ध, अशी वेळ आली तर कायद्याचा कागद पुरा भरलेला दिसेल आणि बाईला न्याय मिळणार नाही.

इथवर तुमची-माझी मान सहज डोलते. यापुढचं थोडं अवघड आहे.

पहिली अवघड गोष्ट अशी की नात्याचा नियम कडक केला की तो पहिल्यांदा बाईवरच पडतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने वाशिम जिल्ह्यातल्या एका महिला ग्रामपंचायत सदस्याला अपात्र ठरवलं. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण सासरच्या माणसांचं. ती त्या घरात राहते, त्याचा लाभ घेते, म्हणून तीही अपात्र. अतिक्रमण करताना तिला कोणी विचारलं होतं? सून म्हणून आलेल्या बाईला घराच्या जमिनीचा कागद तरी दाखवतात का? पुढे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांवर असाच आरोप झाला. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांनी त्यांना पदावरून दूर करणं योग्य ठरवलं. आपण वेगळं राहतो, असं त्या सांगत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं, आणि बाई सरपंच झाली हे गावातल्या काहींना सोसवत नव्हतं हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं.

ही दोन प्रकरणं आमच्या तालुक्यातल्या त्या बाईच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहा. सासऱ्याने गुन्हा केला तर सून घरातलीच. सुनेने हिस्सा मागितला तर मात्र ती बाहेरची. दंड भरायच्या वेळी एक कुटुंब, वाटणीच्या वेळी परकी. म्हणून नुसतं 'नातेवाइकांनी मतदान करू नये' एवढी मागणी पुरी पडणार नाही. नियम दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे, आणि नात्याबरोबर लाभही मोजला पाहिजे.

दुसरी अवघड गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. काही वर्षांपूर्वी मी ज्या एका संस्थेत होते तिथे समुपदेशन केंद्रासाठी कार्यकर्तीची जागा निघाली. अर्ज सात आले. एक अर्ज कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ ताईंच्या भाचीचा. मुलगी हुशार, शिबिरांत वाढलेली. ताई मुलाखतीला बसल्या, प्रश्नही विचारले. कोणी काही बोललं नाही. 'आपलीच मुलगी' म्हणून तिची निवड झाली. मीही हात वर केला. राहिलेल्या सहा जणींत मानखुर्दहून आलेली एक मुलगी होती. तिने जाताना मला विचारलं, "मॅडम, त्या तिच्या मावशी ना?" मी म्हणाले, "अगं, आमच्यात तसं काही चालत नाही."

चालत होतं. मी खोटं बोलले, आणि तेव्हा मला ते खोटंही वाटलं नव्हतं. भाची कदाचित सातही जणींत खरोखर सर्वांत चांगली असेल. पण आम्ही ते सिद्ध करण्याची संधीच तिच्याकडून काढून घेतली. तिच्या निवडीवर कायमचा डाग राहिला, तो मावशीने लावला, आणि आम्ही लावू दिला.

बचत गटांतही हेच. सासू अध्यक्ष, मोठी सून सचिव, आणि धाकट्या सुनेने कर्ज मागितलं तर 'तिला कशाला हवंय' असं म्हणून अर्ज बाजूला. किंवा उलट, अध्यक्षबाईंच्या लेकीला आधी, बाकीच्यांना पुढच्या महिन्यात. दहा-वीस जणींचा गट, सगळ्या एकाच आळीतल्या. आपण पुरुषांच्या भावकीवर बोट ठेवतो तेव्हा आपल्या वहीचीही पानं उलटून पाहिली पाहिजेत.

या विषयावर बोललं की एक हरकत हमखास येते. रोडपालीच्या बैठकीतही आली. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "गाव एवढंसं. सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी. सगळे उठले तर बसायचं कोणी?" हरकत खरी आहे, तिला उडवून लावू नये. पण तिचं उत्तर 'मग सगळ्यांनी बसावं' हे नव्हे. सगळेच नात्यातले असतील तर त्या गावात तो निवाडा होऊच शकत नाही, हे कबूल करावं. बाहेरचं माणूस आणावं, शेजारच्या गावातल्या गटाची बाई आणावी, नाहीतर प्रकरण जिथे जायला हवं तिथे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, कोर्टात जाऊ द्यावं. गावात मिटलं नाही म्हणून गावाची अब्रू जात नाही.

दुसरी हरकत मनातली, कोणी उघड बोलत नाही. आपली चळवळच नात्यांवर उभी आहे. ताई, मावशी, वहिनी म्हणत आपण एकमेकींना धरून ठेवलं. मग नातं हा दोष कसा? नातं दोष नाहीच. मामांनी भाचीच्या बाजूने बोलायला हवं होतं, ओट्यावर जाऊन बसायला नको होतं. नात्यातल्या माणसाने बाजू मांडावी, माहिती द्यावी, सोबत करावी. फक्त निवाड्याचा हात वर करू नये. साक्षीदाराची जागा वेगळी, पंचाची वेगळी. मामांनी दोन्ही सोडल्या, भावकीने दोन्ही बळकावल्या.

तेव्हा आपल्या प्रत्येक गटाने, संस्थेने आणि ज्या ज्या समितीवर आपल्यातली कोणी बसते तिथे काही गोष्टी प्रकरण येण्याआधीच लिहून ठेवाव्यात, असं मला वाटतं. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येक सदस्याने आपलं नातं सांगायचं आणि ते वहीत नोंदवायचं. नात्यात माहेर आणि सासर दोन्ही धरायचं, भावकी धरायची, सामाईक जमीन, उधारी आणि नोकरीही धरायची. नातं किंवा लाभ असेल त्याने बाजू मांडून खोलीबाहेर जायचं, नुसतं मत न देता समोर बसून राहायचं नाही. कारण समोर बसलेल्या दिराचे डोळेही मत देतात. एखाद्या सदस्याबद्दल हरकत घेण्याचा हक्क तक्रारदार बाईला द्यायचा, आणि ती हरकत घेते म्हणून तिलाच आगाऊ ठरवायचं नाही. उरलेले सदस्य पुरेसे नसतील तर निर्णय घ्यायचा नाही, बाहेर पाठवायचा.

यात खर्च काही नाही. एक वही आणि थोडा संकोच गिळायची तयारी, एवढंच लागेल. संकोच मोठा असतो, हे मी स्वतःवरून सांगते. ज्येष्ठ ताईंना 'तुम्ही जरा बाहेर बसता का' असं म्हणायला मला तेव्हा जमलं नव्हतं. म्हणूनच ते लिहिलेलं असावं. लिहिलेलं असलं की कोणा एकीला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

त्या बाईने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्यावर विधवेचा आणि मुलांचा पहिल्या वर्गातले वारस म्हणून हक्क असतो, आणि गावकीचे चार हात तो काढून घेऊ शकत नाहीत, हे तिने वकिलाकडून नीट समजावून घेतलं. आता तिचा दावा कोर्टात आहे. सासरच्या घरी तिच्याशी फारसं कोणी बोलत नाही. मामा मात्र पुढच्या तारखेला तिच्याबरोबर आले होते. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मला म्हणाले, "त्या दिवशी मी उठलो ते चुकलं का हो, ताई?"

मी म्हटलं, "मामा, तुम्ही उठलात ते बरोबरच होतं. उठण्याआधी त्या चौघांनाही 'उठा' म्हणायला हवं होतं. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर मी म्हणायला हवं होतं."